गावाने तज्ज्ञांचे साह्य कसे मिळवावे

आमच्या शाळेत जालना तालुक्यातील व आसपासच्या खेड्यांतील पुष्कळ विद्यार्थी येतात. ‘आमच्या गावी अमुक योजना आली’, किंवा ‘शेजारच्या गावी आली, आमच्या गावी काहीच आले नाही’, अशी वाक्ये त्यांच्या तोंडून वारंवार ऐकू येतात. पालकही भेटीस आले म्हणजे ह्याच भाषेत बोलतात. जणू योजना म्हणजे मृगाचा पाऊस. एका शिवारावर पडला, दुसऱ्यावरून ढग नुसता सरकून गेला! ह्यात व्याकरणाची चूक नाही; परंतु वस्तुस्थितीची आहे, असे आमचे मत आहे. ज्या गावांस तज्ज्ञांच्या साह्याचा खरा लाभ झाला त्या गावांचा वृत्तांत पाहिला असता, साह्य येण्यापूर्वी त्या गावांनी काहीतरी केलेले असते असे दिसून येते. ते ‘काहीतरी’ म्हणजे नेमके काय, हे विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस समजावून सांगण्याचे आम्ही ह्या लेखात योजिले आहे. उदाहरण दूरचे नको म्हणून आपल्याच तालुक्यातील कडवंची ह्या गावाचे घेऊ.

त्याआधी थोडे गणित. आपल्या भागात वर्षाकाठी साधारणतः सातशे मिलिमीटर पाऊस पडतो असे ढोबळ मानाने धरू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी बरोबर एक लिटर भरते. एका हेक्टरात १०,००० चौरस मीटर. म्हणजे एका हेक्टरावर वर्षभरात ७० लाख लिटर पाणी आकाशातून पडते. एकराच्या हिशेबाने सुमारे २८ लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एका एकराच्या वाट्याला २८० टँकर झाले! आता २०१२–१३ सालचे आपले शहर आठवा. ज्या विद्यार्थ्यांस ते वय नव्हते त्यांनी घरी विचारावे. कुंडलिकेच्या काठचे हे गाव, नवीन जालन्याला पाणी पुरविणारा निजामाच्या काळातील घाणेवाडीचा तलाव, तो तलाव त्या वर्षी कोरडा पडला आणि लोक रात्ररात्र टँकरची वाट पाहत बसले. मग ते एकरी २८० टँकर गेले कोठे? काही उन्हाने उडाले, काही पिकाने घेतले. परंतु जे उताराने वाहून गेले ते एकटे गेले नाही, आपल्याबरोबर शेताची मातीही घेऊन गेले. त्या वाहत्या पाण्याला उतारावरच थोपवून जमिनीत मुरविणे, ह्यास पाणलोट क्षेत्राचा विकास म्हणतात. हे काम कोणी एक शेतकरी आपल्या बांधापुरते करू म्हणेल तर ते साधत नाही. वरच्याने पाणी सोडले तर खालच्याचा बांध फुटावयाचाच. म्हणून ह्या कामात तज्ज्ञाची जितकी गरज आहे तितकीच, किंबहुना अधिक, सबंध गावाच्या एकमताची आहे.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात कामे थोडी झाली नाहीत. खडी फोडली गेली, रस्ते झाले, पाझर तलाव खोदले गेले. लाखो माणसे त्या मजुरीवर जगली, हा उपकार कोणी विसरू नये. त्याच अनुभवातून पुढे महाराष्ट्राचा १९७७ चा रोजगार हमीचा कायदा निघाला. तथापि तलाव कोठे खोदावा, नाला कोठे अडवावा, हे त्या घाईत गावकऱ्यांस विचारण्याची सोय नव्हती. ज्याची मजुरी सरकारची, त्याची डागडुजीही सरकारनेच करावी, असा समज त्यातून रुजला, आणि तो अद्याप पुरता गेलेला नाही.

ह्या समजाला छेद देणारा एक प्रयोग अहमदनगर जिल्ह्यात झाला. (ह्या जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर आहे.) हर्मन बाखर नावाचे एक स्विस जेझुइट धर्मगुरू तेथे अनेक वर्षे शेतकऱ्यांमध्ये काम करीत होते. गावाने स्वतः पुढाकार घेऊन डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करावे व बाहेरच्यांनी विद्या आणि पैसा ह्यांची जोड द्यावी, अशी त्यांची कल्पना होती. जर्मन सरकारचे अर्थसाह्य व आपली नाबार्ड ही बँक ह्यांच्या सहकार्याने ह्या कल्पनेला मोठे रूप आले. तोच इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम होय. त्यासाठी गावांना व संस्थांना तयार करणारी ‘वॉटर’ नावाची संस्था १९९३ साली बाखर व त्यांचे सहकारी क्रिस्पिनो लोबो ह्यांनी स्थापन केली. आपल्या कडवंचीचे काम ह्याच कार्यक्रमात १९९६ च्या सुमारास सुरू झाले, आणि तेथे गावाचा हात धरणारी संस्था होती आपल्या खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ हे केंद्र चालविते. शहरातून खरपुडी किती जवळ आहे! आणि आमच्या किती विद्यार्थ्यांनी ते केंद्र आत जाऊन पाहिले आहे, हा प्रश्न आम्ही येथे नुसता विचारून ठेवतो.

ह्या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य असे की, पैसा देण्यापूर्वी तो गावापुढे काही अटी ठेवी. गावसभेने ठराव करावयाचा. मोकाट चराई बंद करावयाची. झाड तोडावयाचे नाही. गावातील सर्व वस्त्यांचे, सर्व थरांचे आणि स्त्रियांचे प्रतिनिधी असलेली पाणलोट समिती गावसभेतच नेमावयाची. आणि श्रमदान करावयाचे. पुढे प्रत्यक्ष काम चालू झाल्यावरही अकुशल मजुरीचा सुमारे सहावा हिस्सा गावाने श्रमाच्या रूपाने सोसावयाचा. मात्र ज्यांस जमीन नाही, अथवा ज्या घरात एकटी बाई संसार ओढते, त्यांस ह्या हिश्श्यातून सूट असे.

आता कोणी म्हणेल, ज्या गावी प्यावयास पाणी नाही त्या गरीब गावाकडून फुकट काम घ्यावयाचे, हा कुठला न्याय? ही शंका वाजवी आहे, आणि आम्ही ती झटकून टाकू इच्छीत नाही. तिचे उत्तर असे की, श्रमदानाने पैसा वाचविणे हा मुख्य हेतू नव्हेच. चार दिवस कुदळ घेऊन सारी घरे माळावर येतात की नाहीत, ह्यावरून गावात एकी किती आहे ते बाहेरच्या माणसास कळते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते गावास स्वतःस कळते. ज्या गावात दोन तट आहेत व एका तटाने बोलाविले की दुसरा घरी बसतो, तेथे सर्वेक्षण कितीही शास्त्रशुद्ध झाले तरी बांध टिकावयाचा नाही. पुन्हा, स्वतः खणलेल्या चराची माणसास माया असते. पावसाळ्यात रात्री बांधाला भगदाड पडले तर तो कंदील घेऊन धावतो. ठेकेदाराच्या बांधासाठी कोण धावणार?

चराईबंदीची अट मात्र ह्याहून कठीण. हिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण बहुतेक गावांची गाडी येथेच अडते. डोंगरावर गवत व रोपे वाढावयाची तर तेथे शेळ्यामेंढ्या जाता कामा नयेत, हे शास्त्र बरोबर आहे. परंतु गावात शेळ्या कोणाच्या असतात? ज्यास शेत नाही त्याच्या. डोंगर बंद केला की पाणी वाढते ते विहिरवाल्याच्या शेतात, आणि चारा बंद होतो तो भूमिहीनाच्या शेळीचा. एकाच ठरावाने एकास लाभ आणि दुसऱ्यास उपवास! संगमनेर तालुक्यातील दरेवाडी गावी १९९६ ते २००१ ह्या काळात ‘वॉटर’ने काम केले, तेव्हा मेंढपाळ कुटुंबांचा ह्याच कारणाने विरोध झाला. त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागले, आणि सारे रान एकदम न मिटता टप्प्याटप्प्याने मिटण्याची तोड काढावी लागली. रानाचा मोठा भाग वनखात्याचा असल्याने त्या खात्याचीही संमती मिळवावी लागली. ह्या साऱ्यास वेळ लागला. परंतु आमच्या मते तो वेळ वाया गेला नाही. बहुमताने हात वर करवून दोन मिनिटांत जो ठराव होतो, तो रात्री कोणीतरी शेळ्या सोडून मोडतो. ज्याचे नुकसान होणार त्यास आधी बसवून, त्याच्या चाऱ्याची व मजुरीची सोय काय, हे ठरवून मग जो ठराव होतो तोच चालतो. पुढे दरेवाडीत वर्षातील तीन-चार महिन्यांऐवजी नऊ-दहा महिने शेतमजुरीचे काम मिळू लागले, असे त्या गावाच्या अभ्यासकांनी नमूद केले आहे; तेव्हा भूमिहीनाच्या पदरातही काही पडले. मात्र पहिली दोन-तीन वर्षे त्याने कशी काढली, हा प्रश्न प्रत्येक गावाने स्वतःस विचारावा.

अटी मान्य झाल्या म्हणजे लगेच मोठी रक्कम येते असेही नाही. आधी शे-दीडशे हेक्टरांच्या एका तुकड्यावर वर्ष-दीड वर्ष काम करून दाखवावयाचे. ह्या काळात समितीने हजेरीपट लिहिणे, बँकेत संस्थेबरोबर संयुक्त खाते चालविणे, मोजमाप घेणे व गावसभेत हिशेब वाचून दाखविणे ही कामे शिकावयाची. ह्यास तयारीचा टप्पा म्हणावे. तो नीट पार पडला तरच उरलेल्या शिवाराचे काम हाती दिले जाई. आमच्या विद्यार्थ्यांस हे चाचणी परीक्षेसारखे वाटेल. फरक इतकाच की, ह्या परीक्षेत मास्तरलाही गुण मिळतात. कारण जी संस्था गावास शिकवू पाहते तीस स्वतःस काय येते, हे गावासही ह्याच वर्षात समजून चुकते.

काम कोठे काय करावयाचे हे ठरविण्यासाठी तज्ज्ञ नकाशा घेऊन कचेरीत बसत नसे. शिवारफेरी निघे. गटवार प्रत्येक शेतात शेतकरी आणि त्याची कारभारीण ह्या दोघांस उभे करून, पाणी कोठून शिरते, माती कोठे जाते, बांध कोठे मानवेल, हे विचारीत व दोघांच्या संमतीनेच त्या तुकड्याचा आराखडा लिहीत. कारभारणीस का विचारावयाचे, असे पुष्कळांनी तेव्हा म्हटले असेल. परंतु निंदणीखुरपणीला वर्षातून पन्नास वेळा त्या शेतात वाकणारी तीच. पाण्याचा ओहोळ कोणत्या दगडापाशी वळतो हे तिच्याइतके कोणास ठाऊक?

येथे विज्ञानाचा एक लहानसा धडा सांगतो, जो विद्यार्थ्यांस शाळेच्या मैदानावर करून पाहता येईल. उतारावर चर खणावयाचा तो समपातळीवर असला पाहिजे. एक टोक जरी खाली गेले तरी पाणी मुरण्याऐवजी तिकडे धावते. ही पातळी काढण्यास महाग दुर्बीण लागत नाही. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधाव्या, मध्ये आडवी काठी बांधावी, म्हणजे रोमन ‘ए’ अक्षरासारखी चौकट होते. शेंड्यापासून दोरीने दगड टांगावा. हा झाला ओळंबा. आता चौकट कोठेही उभी करून दोरी आडव्या काठीवर जेथे टेकते तेथे खूण करावी. मग दोन्ही पायांच्या जागा बदलावयाच्या: डावा पाय होता तेथे उजवा, उजवा होता तेथे डावा. दोरी आता दुसरीकडे टेकेल. तेथेही खूण करावी. ह्या दोन खुणांचा बरोबर मध्य काढून तेथे ठळक रेघ मारावी. ह्यापुढे दोरी त्या रेघेवर आली की दोन्ही पाय समपातळीवर आहेत असे समजावे. (दोन्ही खुणा एकाच जागी आल्या तर काय समजावे? ह्याचे उत्तर विद्यार्थ्यांनी स्वतः द्यावे.) उतारावर एक पाय स्थिर ठेवून दुसरा वर-खाली सरकवीत दोरी रेघेवर आणावयाची, तेथे फक्की टाकावयाची, आणि त्या पायाभोवती चौकट फिरवून पुढचे पाऊल घ्यावयाचे. अशा रीतीने माळावर जी वाकडीतिकडी पांढरी रेघ उमटते तीच चराची रेघ. चौथी शिकलेला मनुष्य हे एका सकाळी शिकतो. गावच्या हाती अशी विद्या आली म्हणजे तज्ज्ञाच्या फेऱ्यांची वाट पाहत काम थांबत नाही.

तज्ज्ञ आणि गाव ह्यांची पहिली गाठ कशी पडावी, हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नव्हे. १९०३ साली अमेरिकेतील टेक्सस प्रांतात टेरेल नावाच्या गावी सीमन नॅप ह्या कृषितज्ज्ञाने सुधारलेली शेती दाखविण्याचे ठरविले. नुसती व्याख्याने शेतकरी ऐकतो व विसरतो, हे त्यास ठाऊक होते. तेव्हा पोर्टर नावाच्या एका शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात, स्वतःच्या हाताने, नॅपच्या सांगण्याप्रमाणे पीक घ्यावे असे ठरले. परंतु पीक बुडाले तर? त्यासाठी गावच्या व्यापाऱ्यांनी व इतर मंडळींनी आपसांत वर्गणी करून नुकसानभरपाईचा निधी बाजूस ठेविला. पीक उत्तम आले व निधीस हात लावण्याची वेळ आली नाही. ह्याच बीजातून पुढे त्या देशात १९१४ च्या कायद्याने गावोगावच्या कृषिविस्ताराची पद्धत उभी राहिली. ह्या गोष्टीत आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो वर्गणीचा भाग. नवी गोष्ट करून पाहावयाची तर तोटा कोणाच्या माथी, हा प्रश्न त्या गावाने पेरणीपूर्वी सोडविला. आपल्याकडे नवे बियाणे किंवा नवी खते सांगणारे पुष्कळ. तोट्याविषयी बोलणारा क्वचितच भेटतो.

आपल्या देशात स्वातंत्र्यानंतर लवकरच उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात अल्बर्ट मेयर ह्या अमेरिकन वास्तुतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली असाच एक प्रयोग १९४८ साली निघाला, आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकासाचा कार्यक्रम साऱ्या देशात सुरू झाला. गावोगावी ग्रामसेवक गेले. पाच वर्षांनी, म्हणजे १९५७ साली, बलवंतराय मेहता समितीने तपासणी केली तेव्हा लोकांचा पुढाकार त्यात उतरला नाही, असे तिला आढळून आले. थोड्या गावांत जे जमले ते हजारो गावांत एकदम करू गेल्यावर गावांनी विचारण्यापूर्वीच उत्तरे येऊन पडली, असे आम्हांस वाटते. ह्याच समितीच्या शिफारशीतून पंचायत राज्य आले, व महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

आणखी एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. ते पाण्याचे नसून वैद्यकाचे आहे, पण पाण्यापाशीच येऊन पोहोचते. डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली जामखेड येथे गेले. रोगप्रतिबंध करावा हा त्यांचा हेतू. परंतु ते दुष्काळाचे दिवस होते; लोकांशी बोलू लागल्यावर लोकांनी औषध मागितले नाही, अन्न आणि पाणी मागितले. डॉक्टरांनी आपला हेतू क्षणभर बाजूस ठेवून विंधनविहिरींची व अन्नाची खटपट आरंभिली. लोकांचा विश्वास बसला तो तेथून. मग त्याच गावांतील, बहुधा निरक्षर अशा बायांस त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले, आणि ते काम जगभर नावाजले गेले. १९७९ साली ह्या उभयतांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मदत करू जाणाऱ्याने आपली पोतडी उघडण्याआधी गावाची गरज ऐकावी, हे त्यांनी केले. आणि गावानेही आपली खरी गरज सांगावी. साहेबास काय आवडेल ते सांगू नये! ही सवय आपल्या गावांत फार आहे. पाहुणा झाडांचा असला की आम्हांस झाडे हवीत, पाहुणा संडासांचा असला की संडास हवेत. आणि पाहुण्याची मोटार वळली की दोन्ही विसरले जातात.

असो. कडवंचीकडे परत येऊ. माथ्यावर समतल चर, शेतांत बांधबंदिस्ती, ओढ्यानाल्यांवर बांध, ह्या क्रमाने तेथील काम झाले व विहिरींचे पाणी वाढले. पाण्यामागून द्राक्षबागा आल्या, ठिबक आले, आणि प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी शेकड्यांनी झाली. २०१२–१३ च्या ज्या दुष्काळात शहराची घागर रिकामी होती त्या दुष्काळात कडवंचीच्या बागा उभ्या राहिल्या, आणि दूरदूरचे शेतकरी ते गाव पाहण्यास येऊ लागले. त्या गावाची ही कमाई आहे, व तालुक्याला तिचा अभिमान वाटणे साहजिक आहे.

परंतु विद्यार्थ्यांनी येथेही चिकित्सक दृष्टी सोडू नये. शेततळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरले तर उत्तम. विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून भरले तर ते सर्वांच्या पोटातले पाणी एकाने आपल्या हंड्यात भरून ठेविल्यासारखे होते, आणि वर उन्हाने उडून जाते ते निराळेच. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी असे होते. पाणी अडविण्याची एकी पाणी वापरण्यातही टिकते काय, हा पुढचा प्रश्न. नगरकडील हिवरे बाजार गावाने त्याचे उत्तर नियमाने दिले आहे: शेतीसाठी बोअर घ्यावयाची नाही, आणि दरवर्षी पावसाची मोजदाद करून गावसभेत पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा व त्यावरून कोणते पीक घ्यावयाचे ते ठरवावयाचे. असा नियम करणे सोपे नाही. ज्याची बोअर आधीच आहे तो त्याच्या बाजूने बोलतो व ज्याची नाही तो विरुद्ध, हे काय सांगावयास हवे?

अलीकडे साह्याच्या वाटा वाढल्या आहेत. २०१६ साली पानी फाउंडेशनने तीन तालुक्यांत जलसंधारणाची स्पर्धा आरंभिली. तीत उतरू इच्छिणाऱ्या गावाने आधी आपले पाच लोक, त्यांत स्त्रियाही, प्रशिक्षणास पाठवावयाचे असत. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातील वेळू गावास पहिले बक्षीस मिळाले. २०१८ पासून जागतिक बँकेच्या साह्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प निघाला. त्यात आपला जिल्हाही आला, आणि तेथेही गावाची समिती व गावाचा सूक्ष्म आराखडा ह्यांपासूनच आरंभ ठेवण्यात आला. नावे निराळी, दारे निराळी. दाराशी विचारावयाचे प्रश्न मात्र बहुतांशी तेच.

तेव्हा एखाद्या गावास आरंभ करावयाचा असेल तर त्याने काय करावे? प्रथम गावसभा. वर्षातून किमान चार गावसभा घेणे ग्रामपंचायतीवर कायद्याने बंधनकारक आहे, व एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, ह्यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. पुष्कळ गावांत ती भरत नाही व सभा तहकूब होते. पालकांनी तेथे जाऊन बसणे हेच पहिले काम. आमचे विद्यार्थी मतदार नाहीत. परंतु शिवाराचा नकाशा काढणे, गावातील विहिरींची पाण्याची पातळी दोरीने दर पंधरवड्यास मोजून वहीत लिहिणे, मातीचे नमुने घेणे ही कामे ते उत्तम करू शकतील. अशी वर्षभराची वही ज्या गावाजवळ आहे त्या गावाशी तज्ज्ञ निराळ्याच आदराने बोलतो.

मातीचा नमुना घेताना शेताच्या आठ-दहा जागी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा वीतभर खोल खड्डा करून त्याच्या बाजूची माती खरवडून घ्यावी, बांध, उकिरडा व झाडाची सावली टाळावी. सारी माती एकत्र करून तिचे चार भाग करावे, समोरासमोरचे दोन टाकून द्यावे, उरलेली पुन्हा मिसळावी. अर्धा किलो उरेपर्यंत असे करावे. ती सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरावी व शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक आणि मागील पीक लिहिलेली चिठ्ठी आत ठेवावी.

मग अर्ज. आमच्या वरच्या वर्गातील मुलांस निबंध छान येतो. अर्ज मात्र येत नाही, असा शिक्षकांचा अनुभव आहे. म्हणून एक नमुना देतो. गावाचे नाव व तारखा आपापल्या घालाव्या.

‘मा. प्रमुख, कृषी विज्ञान केंद्र, खरपुडी, जालना, यांस, सविनय नमस्कार. आमच्या गावच्या गावसभेत अमुक तारखेस असा ठराव झाला आहे की, गावच्या पाणलोटाचे काम करण्यासाठी आपले मार्गदर्शन घ्यावे. ठरावाची प्रत जोडली आहे. गावात इतकी घरे असून त्यांपैकी इतकी भूमिहीन आहेत. शेळ्या-मेंढ्या इतक्या आहेत व त्यांच्या चाऱ्याविषयी गावात बोलणे चालू आहे; त्याविषयीही आपला सल्ला हवा आहे. गेल्या वर्षभरातील इतक्या विहिरींच्या पातळ्यांची नोंद सोबत आहे. अमुक दिवशी सर्व घरांतील एकेक माणूस माळावर श्रमदानास येणार आहे. त्या दिवशी आपण येऊन चराची रेघ आखण्यास शिकवाल काय? आपल्या येण्याजाण्याची सोय गाव करील. कळावे.’

खाली समितीतील सर्वांच्या सह्या असाव्या, व ज्यांस सही येत नाही त्यांचे अंगठे घेण्यापूर्वी अर्ज त्यांस मोठ्याने वाचून दाखवावा. अर्जाची एक प्रत गावी ठेवावी, आणि कार्यालयात दिल्यावर आवक क्रमांक व तारीख तीवर टाकून घ्यावी. महिन्याभरात उत्तर न आल्यास ती प्रत घेऊन दोघांनी स्वतः जावे. त्यांपैकी एक बाई असावी.